गोवा की जिनोआ? प्रवासाची ओळ वाचणारी एक खुली लायब्ररी

विमानतळांच्या कोडच्या दुनियेत जी-ओ-ए म्हणजे गोवा नव्हे. ही तीन अक्षरं इटलीतल्या जिनोआची आहेत. गोव्यात दाबोळीचा कोड जी-ओ-आय आणि मोपाचा जी-ओ-एक्स. लेहचंही तसंच आहे. एल-ई-एच हा फ्रान्समधल्या ल हाव्र या बंदराच्या शहराचा कोड, आणि लडाखमधल्या लेहचा आय-एक्स-एल. म्हणजे तिकिटाच्या साइटवर कोणी रोमन लिपीत नुसतं 'गोवा' टाइप केलं, तर त्या तीन अक्षरांवर दोन गावांचा हक्क निघतो. एकाचा नावावरून, दुसऱ्याचा कोडवरून. मराठी माणसाला यात विचार करण्यासारखं काही वाटणारच नाही. कॉम्प्युटरला मात्र हे कोणीतरी बसून शिकवावं लागतं.

हे शिकवण्याचं काम करणारी एक ओपन सोर्स लायब्ररी आहे. तिचं नाव ओपनट्रेप, म्हणजे 'ओपन ट्रॅव्हल रिक्वेस्ट पार्सर'चं लघुरूप. पार्सर म्हणजे लिहिलेली ओळ वाचून तिचे भाग ओळखणारा प्रोग्रॅम. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांचं वाचनालय नव्हे. दुसऱ्या प्रोग्रॅमरनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून घ्यावा असा, एकच काम नीट करणारा तयार कोड. ओपनट्रेप सी प्लस प्लस या भाषेत लिहिली आहे आणि पायथॉनमधूनही वापरता येते. परवाना एलजीपीएल, म्हणजे ती कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी.

तिचं काम एका वाक्यात सांगता येतं. माणसाने मोकळेपणाने लिहिलेली प्रवासाची ओळ घ्यायची आणि त्यात कोणकोणती ठिकाणं आहेत ते ओळखून त्यांचे कोड, अक्षांश-रेखांश, देश, टाइमझोन असा नेटका तपशील परत द्यायचा. प्रकल्पाची मूळ कल्पना याहून मोठी आहे. 'वॉशिंग्टन डीसी बीजिंग मंडे, अमुक कंपनी हवी, तमुक नको, दोन मोठी माणसं, एक कुत्रा' अशा धाटणीची सगळी ओळच समजून घ्यायची, हे त्यामागचं स्वप्न. पण खरा कस लागतो तो ठिकाणांच्या नावांवर, आणि या लेखात मी तिथेच थांबणार आहे. तारीख चुकली तर निदान डोळ्यांना दिसते. गाव चुकलं तर कधीकधी विमानातून उतरल्यावरच कळतं. 2002 मध्ये ब्रिटनहून ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेलं एक तरुण जोडपं कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सिडनीत जाऊन पोचलं होतं. तिकिटावरचं नाव बरोबर होतं, देश वेगळा होता.

आधी यादी, मग अक्कल

ओपनट्रेप चालते एका यादीच्या जोरावर. त्या यादीचं नाव ओपनट्रॅव्हलडेटा, तीही खुली आहे. तिच्यातल्या मुख्य फाइलमध्ये प्रत्येक ठिकाणाची एक ओळ असते. विमानतळ, शहरं, काही रेल्वे स्टेशनं, काही बंदरं. मुंबई विमानतळाची ओळ घेतली तर तिच्यात तीन अक्षरी कोड बी-ओ-एम, वैमानिक आणि नियंत्रण कक्ष वापरतात तो चार अक्षरी कोड व्ही-ए-बी-बी, अक्षांश 19.09, रेखांश 72.87, देश, चलन, टाइमझोन आणि वेगवेगळ्या भाषांतली नावं असं सगळं एकापुढे एक मांडलेलं असतं. नावांच्या रकान्यात आधी भाषेची खूण आणि मग त्या भाषेतलं नाव. मराठीची खूण 'एम-आर'.

ही यादी आकाशातून पडलेली नाही. तिचा मोठा भाग जिओनेम्स या जगभरच्या भौगोलिक नावांच्या खुल्या कोशातून येतो. जिओनेम्समध्ये कोणीही फुकट खातं उघडून नाव जोडू शकतो, चूक दुरुस्त करू शकतो. म्हणजे आपण सर्च बॉक्सची हुशारी म्हणतो तिच्यातला मोठा वाटा कुठल्यातरी गावच्या कुणीतरी 'आमच्या गावाचं नाव असं लिहितात' हे वेळ काढून नोंदवल्यामुळे आलेला असतो. मला या विषयात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. पार्सर कितीही चांगला असो, यादीत नसलेलं नाव त्याला ओळखता येत नाही.

यादी सांभाळणं हे कायमचं काम आहे, कारण नावं बदलतात आणि कोडही जागा बदलतात. हैदराबादचा एच-वाय-डी हा कोड 2008 पर्यंत बेगमपेटचा होता; शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला आणि कोड तिकडे गेला, बेगमपेटला बी-पी-एम मिळाला. इस्तंबूलचा आय-एस-टी 2019 मध्ये अतातुर्क विमानतळावरून नव्या विमानतळावर गेला. जुनी तिकिटं, जुन्या नोंदी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला 'हा कोड तेव्हा कुणाचा होता' हेही माहीत असावं लागतं. म्हणून ओपनट्रॅव्हलडेटामध्ये एकाच कोडच्या जुन्या आणि आताच्या नोंदी वेगळ्या ठेवता येतात आणि 'कधीपासून, कधीपर्यंत' असे तारखांचे रकाने आहेत.

शहर आणि विमानतळ हाही वेगळा हिशेब आहे. 'लंडन' म्हटल्यावर एल-ओ-एन हा शहराचा कोड, त्याच्या पोटात हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लुटन, लंडन सिटी असे अनेक विमानतळ. प्रवाशाला बहुतेक वेळा शहर म्हणायचं असतं, तिकीट मात्र विमानतळाचं निघतं. शहराच्या ओळीत त्याच्या विमानतळांचे कोड जोडलेले असतात ते यासाठी.

यादी हाताशी आली की तिचा इंडेक्स बनवायचा. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, अमुक शब्द कोणकोणत्या पानांवर आहे हे सांगणारी, तसाच. शोधताना सगळं पुस्तक चाळायचं नाही, सूचीत शब्द पाहायचा. यासाठी ओपनट्रेप झॅपियन नावाचं दुसरं खुलं शोधइंजिन वापरते. झॅपियनची मुळं केंब्रिजमध्ये मार्टिन पोर्टर यांनी केलेल्या मस्कॅट या प्रणालीपर्यंत जातात. इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटून मूळ रूप काढण्याची 1980 ची प्रसिद्ध रीत याच पोर्टर यांची. प्रत्ययांकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण मराठीत गाडी नेमकी तिथेच अडते.

ओळ कुठे तोडायची

आता मुख्य काम. समजा कोणी लिहिलं, 'सॅन फ्रान्सिस्को मुंबई', रोमन लिपीत, मध्ये स्वल्पविराम नाही, 'ते' नाही, 'पासून' नाही. तीन शब्द, त्यांच्यामध्ये दोन फटी. प्रत्येक फटीत ओळ तोडायची किंवा नाही तोडायची, म्हणजे एकूण चार शक्यता. तिन्ही शब्द मिळून एकच ठिकाण. पहिला शब्द वेगळा आणि उरलेले दोन एकत्र. पहिले दोन एकत्र आणि तिसरा वेगळा. किंवा तिन्ही सुटे.

आपल्याला तिसरी शक्यता लगेच बरोबर वाटते. पण सुटे शब्दही निरर्थक नाहीत, अडचण तीच. एस-ए-एन हा सॅन डिएगोचा कोड आहे. म्हणजे 'सॅन' एकटाच एक ठिकाण म्हणून उभा राहू शकतो. एल-ओ-एस हा नायजेरियातल्या लागोसचा कोड आहे, तेव्हा 'लॉस एंजेलिस' मधला 'लॉस' तोडला तर तोही भलत्याच खंडात जाऊन बसतो. आर-आय-ओ हा तर रिओ दि जानेरोचाच शहर-कोड आहे, त्यामुळे 'रिओ' तोडूनही काम भागतं आणि 'दि जानेरो' उरतं.

ओपनट्रेप या सगळ्या शक्यता मांडते. शब्द वाढले की शक्यता भराभर वाढतात. आठ शब्दांच्या ओळीत सात फटी, म्हणून 128 मांडण्या. प्रत्येक मांडणीतला प्रत्येक तुकडा इंडेक्समध्ये शोधायचा, सापडलेल्या ठिकाणांना गुण द्यायचे, मग मांडण्यांची आपसात तुलना करायची. एकेका मांडणीचे गुण तिच्या तुकड्यांच्या गुणांवरून ठरतात. तीन तुकड्यांपैकी दोन उत्तम जुळले आणि तिसरा कशाशीच जुळला नाही, तर ती सगळी मांडणीच मागे पडते. 'सॅन' एकटा सॅन डिएगो म्हणून छान जुळेल, पण मग 'फ्रान्सिस्को मुंबई' या जोडीला जगात ठिकाण नाही.

टायपिंगच्या चुका

प्रवासाला निघालेला माणूस फोनवर, घाईत लिहितो. एस-ए-एन ऐवजी एस-एन-ए पडतं, 'फ्रान्सिस्को'च्या स्पेलिंगमध्ये एस आणि सी यांची अदलाबदल होते. झॅपियन अशा वेळी जवळचा शब्द सुचवते. त्यासाठी ती मोजते की एका शब्दाचा दुसरा करायला किती फेरफार लागतील. एखादं अक्षर घालणं, काढणं, बदलणं किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल करणं, हा प्रत्येकी एक फेरफार. इंडेक्समधल्या प्रत्येक शब्दाशी अशी तुलना करत बसलं तर वेळ फार जाईल, म्हणून आधी अक्षरांचे छोटे तुकडे जुळणारे शब्द बाजूला काढायचे आणि फेरफार मोजायचे ते फक्त त्या निवडक शब्दांचे.

वरच्या दोन्ही चुका एकेका फेरफाराच्या आहेत. पण यातही एक खाच आहे. एस-एन-ए ही चूक खरी, पण एस-एन-ए हा कॅलिफोर्नियातल्या सँटा आना इथल्या जॉन वेन विमानतळाचा खराखुरा कोडही आहे. म्हणजे चुकलेला शब्द आपोआप एक बरोबर शब्द होऊन बसला. नुसतं स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम इथे समाधानाने पुढे जाईल. मांडण्यांची तुलना करणारा मात्र पाहील की एस-एन-ए तोडलं तर पुढचा चुकलेला 'फ्रान्सिस्को' एकटा पडतो आणि दोन्ही जोडून दुरुस्त केले तर कॅलिफोर्नियातलं एक मोठं शहर पूर्ण नावानिशी हाती लागतं. स्पेलिंग दुरुस्त करणं आणि ओळ तोडणं ही दोन कामं एकामागून एक न करता एकत्र का करावी लागतात, ते या तीन अक्षरांत दिसतं.

छोट्या शब्दात किती फेरफार चालवून घ्यायचे हाही विचार आहे. तीन अक्षरांच्या शब्दात दोन बदलली तर तो बहुधा वेगळाच शब्द झालेला असतो. रेक्याविक इतक्या लांब नावात दोन-तीन चुका खपून जातात. म्हणून ही सूट शब्दाच्या लांबीप्रमाणे द्यावी लागते.

कोणतं हैदराबाद?

नाव अगदी बरोबर लिहिलं तरी प्रश्न संपत नाही. हैदराबाद तेलंगणातही आहे आणि सिंधमध्येही, तिथल्या विमानतळाचा कोड एच-डी-डी. बर्मिंगहॅम इंग्लंडात आहे आणि अमेरिकेतल्या अलाबामातही. लंडन नावाचं शहर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात आहे, त्याचा विमानतळ वाय-एक्स-यू. अक्षरांवरून यांच्यात डावं-उजवं करता येणार नाही.

इथे ओपनट्रेप पेजरँकचा आधार घेते. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी 1998 मध्ये वेबपानांसाठी मांडलेली ही कल्पना. ज्या पानाकडे महत्त्वाच्या पानांवरून दुवे येतात ते पान महत्त्वाचं. इथे पानांच्या जागी विमानतळ आणि दुव्यांच्या जागी त्यांच्यामधली विमानसेवा. मोठ्या विमानतळांवरून जिथे भरपूर विमानं जातात त्या विमानतळाचा आकडा मोठा. हा आकडा ओपनट्रॅव्हलडेटाच्या यादीत प्रत्येक विमानतळासमोर आधीच मांडून ठेवलेला असतो. नावं सारखी निघाली की तो वजन टाकतो आणि तेलंगणातलं हैदराबाद वर येतं.

शेवटचे गुण ठरतात ते अशा अनेक कसोट्यांच्या गुणाकारातून. शब्द किती टक्के जुळले, तुकडा एखाद्या कोडशी तंतोतंत जुळतो का, नोंद आजची आहे की जुनी, आणि पेजरँक किती. सुरुवातीच्या 'गोवा'कडे आता पुन्हा पाहा. जिनोआच्या बाजूने कोडची तंतोतंत जुळणी, गोव्याच्या बाजूने नावाची जुळणी. कोणत्या कसोटीला किती वजन द्यायचं यावर निकाल फिरतो, आणि ते वजन माणसानेच ठरवलेलं असतं. सगळा दिवस तीन अक्षरी कोडमध्येच बोलणाऱ्या ट्रॅव्हल एजंटसाठी कोडला जास्त वजन देणं रास्त आहे. सुट्टीवर निघालेल्या कुटुंबासाठी नावाला. कोड खुला असल्यामुळे आपल्या वापरणाऱ्यांकडे पाहून हे वजन बदलता येतं. बंद सेवेत ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं आणि आपल्याला दिसतही नाही.

पेजरँकबद्दल माझी एक तक्रारही आहे. जगात विमानं कुठे जास्त जातात एवढंच तो सांगतो. विचारणारा कोण आहे हे त्याच्या गावीही नसतं. ओंटारिओतल्या लंडनमध्ये राहणारी मराठी बाई घरी परतण्याचं तिकीट शोधत असेल, तर तिच्यासाठी हीथ्रो हे चुकीचं उत्तर आहे. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, नांदेड यांच्यासारखे विमानतळ या मापात कायम तळाशी राहणार, कारण तिथे विमानंच थोडी. वापरणाऱ्याचं ठिकाण जवळ असेल तर अंतराचंही वजन जोडावं, असं मला वाटतं. अक्षांश-रेखांश यादीत आहेतच.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. ओपनट्रेपकडून उत्तर येतं त्यात सापडलेली ठिकाणं असतात, तेवढेच जुळणारे दुसरे पर्याय असतात, आणि शिवाय न ओळखलेल्या शब्दांची वेगळी यादी असते. जे कळलं नाही ते ती गिळून टाकत नाही. त्या यादीवरून साइट चालवणाऱ्याला विचारता येतं, 'हा शब्द आम्हाला लागला नाही, गाव कोणतं?' आणि त्याच यादीवरून कोणती नावं कोशात घालायची राहिली आहेत तेही समजतं.

आता कुणी म्हणेल की भाषेची मोठमोठी मॉडेलं आली असताना या छोट्या यंत्राची गरज काय. गरज आहे. ही लायब्ररी आपल्याच मशीनवर चालते, ओळ कुठेही बाहेर पाठवत नाही. कोण कुठे निघालंय ही माहिती खाजगी असते, आणि ती दर शोधागणिक तिसऱ्याच्या हाती न देणं याला किंमत आहे. तीच यादी, तीच ओळ दिली की उत्तर दर वेळी तेच येतं. आणि उत्तर चुकलं तर कुठल्या कसोटीत किती गुण मिळाले ते उघडून पाहता येतं, चूक सापडते, दुरुस्त होते.

देवनागरीत लिहिलं तर

इथवरची सगळी उदाहरणं रोमन लिपीतली होती. मराठी वाचकाने पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. मी 'पुणे ते नागपूर' असं सरळ देवनागरीत लिहिलं तर?

अर्धं उत्तर सोपं आहे. यादीत मराठी नावं असतील आणि ती इंडेक्समध्ये घातली, तर 'पुणे' हा शब्द इतर कुठल्याही शब्दासारखाच सापडतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही याच यंत्रात बसतात. 'पूणे' आणि 'पुणे' यांत एक फेरफार, 'नागपुर' आणि 'नागपूर' यांत एक, 'मुम्बई' आणि 'मुंबई' यांत दोन, कारण अनुस्वाराच्या जागी म आणि हलन्त अशी दोन चिन्हं येतात.

पण शोधण्याआधी मजकूर साफ करण्याची जी पायरी असते तिथे सांभाळावं लागतं. युरोपीय नावांत अक्षरांच्या डोक्यावर खुणा असतात, साओ पाउलो, झुरिच, मालागा. लोक त्या खुणा टाइप करत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर त्या काढून टाकतं. त्याची प्रचलित कृती अशी, की अक्षर आणि खूण वेगवेगळी करायची आणि युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, 'स्वतःची जागा न घेणारं चिन्ह' म्हणून नोंदलेलं जे जे आहे ते पुसायचं. रोमन लिपीत हे छान चालतं. देवनागरीत मात्र उकार, एकाराची मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी त्याच वर्गात नोंदलेली आहेत. ही कृती आंधळेपणाने लावली तर 'मुंबई'चं 'मबई' होतं. 'पुणे' मधला उकार गेला, मात्रा गेली, उरलं 'पण'. आणि रायगडातलं 'पेण'? तिथेही मात्रा गेली आणि उरलं 'पण'. दोन वेगळी गावं एकाच शब्दावर येऊन बसली, आणि पेजरँकच्या हिशेबात पेणकरांना काही आशा उरली नाही. म्हणून अशी कोणतीही लायब्ररी मराठीसाठी वापरायला घेणाऱ्याने सगळ्यात आधी ही पायरी उघडून पाहावी आणि पुसण्याचा नियम फक्त रोमन अक्षरांपुरता ठेवावा. पेण आणि पुणे ही जोडी चाचणीसाठी अगदी योग्य आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. मराठी माणूस 'पुणे नागपूर' असं क्वचित म्हणतो. तो म्हणतो, 'पुण्याहून नागपूरला जायचंय.' 'पुणे' चं 'पुण्याहून' करायला सहा फेरफार लागतात, आणि मूळ शब्द आहे चार चिन्हांचा. कुठलाही स्पेलिंग तपासणारा याला दुरुस्ती म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. ठाणे, सातारा, गोवा यांचंही तेच. ठाण्याहून, साताऱ्याला, गोव्याला. प्रत्यय लागण्याआधी नावाचं सामान्यरूप होतं, त्यामुळे शेवटचा 'ला' किंवा 'हून' छाटला तरी हातात 'पुण्या' आणि 'साताऱ्या' उरतं, मूळ नाव नाही.

पण याच प्रत्ययात मराठीने एक मोठी सोय करून ठेवली आहे. नुसत्या नावांच्या ओळीत आधी लिहिलेलं ते निघण्याचं आणि नंतरचं ते पोचण्याचं, असं धरून चालावं लागतं. मराठीत 'नागपूरला पुण्याहून' असं उलट लिहिलं तरी अर्थ बदलत नाही. 'हून' आणि 'वरून' म्हणजे निघण्याचं ठिकाण, 'ला' म्हणजे पोचण्याचं, 'मार्गे' म्हणजे वाटेतलं. पार्सरला क्रमावरून जो अंदाज बांधावा लागतो तो आपल्या शब्दातच लिहिलेला आहे. ही माहिती छाटून फेकून देणं म्हणजे हातातलं सोडून देणं होईल.

मला यावरचा उपाय उलट्या बाजूने केलेला बरा वाटतो. वापरणाऱ्याने लिहिलेल्या शब्दाचे प्रत्यय सोडवत बसण्यापेक्षा यादीतल्या प्रत्येक नावाची रूपं आधीच तयार करून इंडेक्समध्ये घालावीत. जगातली सगळी मराठी क्रियापदं आपल्याला चालवायची नाहीत. गावांची नावं ठराविक आहेत आणि त्यांना लागणारे प्रत्यय मूठभर. एकारान्त 'पुणे'ची 'पुण्याहून', 'पुण्याला', 'पुण्यावरून', आकारान्त 'सातारा'ची 'साताऱ्याहून', 'साताऱ्याला', ईकारान्त 'सांगली'ची 'सांगलीहून', 'सांगलीला'. नियमात न बसणाऱ्या नावांची वेगळी छोटी यादी हाताने करावी. नाशिकला 'नाशिकहून' म्हणणारे आहेत तसे 'नाशकाहून' म्हणणारेही आहेत. प्रत्येक रूपासोबत 'निघण्याचं' किंवा 'पोचण्याचं' अशी खूण ठेवली की दिशेचा प्रश्नही तिथेच सुटतो. इंडेक्स काहीसा फुगेल, पण शोध तेवढाच वेगवान राहील, आणि हे सगळं ओपनट्रेपच्या मूळ कोडला हात न लावता, इंडेक्स करण्याआधी यादीवर चालवलेल्या एका छोट्या स्क्रिप्टने, म्हणजे लहानशा प्रोग्रॅमने, करता येईल.

बदललेल्या नावांचं काम मात्र यादीतच व्हायला हवं. बॉम्बेचं मुंबई 1995 मध्ये झालं, तरी कोड आजही बी-ओ-एम. छत्रपती संभाजीनगर हे नाव आलं, पण विमानतळाचा कोड आय-एक्स-यू राहिला, आणि औरंगाबाद लिहून शोधणारे लोक पुढची कित्येक वर्षं असणारच, त्यातल्या काहींना बिहारमधलं औरंगाबादही हवं असेल. धाराशिव आणि उस्मानाबाद, अहिल्यानगर आणि अहमदनगर आणि नुसतं 'नगर', या जोड्याही तशाच. शोधणाऱ्याला जुनं की नवं या वादात ओढायचं नसतं. त्याने लिहिलेल्या नावावरून त्याला त्याच्या गावी पोचवायचं असतं, म्हणून सगळी नावं एकाच ठिकाणाच्या ओळीत असावी लागतात.

ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांनी जिओनेम्सवर खातं उघडून आपल्या भागातला विमानतळ, शहर, स्टेशन शोधावं आणि त्याच्या पर्यायी नावांत मराठी नाव आहे का ते पाहावं. नसेल तर 'एम-आर' ही भाषेची खूण लावून देवनागरीत जोडावं, शुद्धलेखन नीट तपासून. जुनं नाव असेल तर ते ऐतिहासिक म्हणून नोंदवण्याची सोय आहे, बोलीतलं असेल तर तशी. ओपनट्रॅव्हलडेटा जिओनेम्सवरून पुन्हा पुन्हा बांधला जातो, त्यामुळे विमानतळांची आणि मोठ्या शहरांची भर पुढे तिथेही पोचते. 'पुण्याहून', 'साताऱ्याला' अशी रूपं मात्र जिओनेम्समध्ये घालू नयेत. ती नावं नव्हेत, आणि नकाशे बनवणारे इतर लोकही तोच कोश वापरतात. त्यांची जागा आपल्या स्क्रिप्टमध्ये.